सिरोसिस असलेल्या आईने एकादशी आणि श्रावणातले उपास करावेत का?

फोंड्याची लेक (प्रश्न)

नमस्कार. माझी आई 61 वर्षांची आहे आणि आम्ही फोंडा तालुक्यात राहतो. दोन वर्षांपूर्वी तिला यकृताचा सिरोसिस असल्याचे निदान झाले. तिने आयुष्यात दारूच्या थेंबाला स्पर्श केलेला नाही. जुना मधुमेह आणि त्यासोबत वाढत गेलेले फॅटी लिव्हर हे कारण असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. (सिरोसिस म्हटले की गोव्यात लोक आधी घरातल्या बाटल्या मोजायला लागतात, त्यामुळे हे चारचौघांत समजावताना आमची जी दमछाक होते तिच्याविषयी पुन्हा कधीतरी लिहीन.) मागच्या वर्षी एकदा पोटात पाणी झाले होते, ते गोळ्यांनी उतरले. सध्या लघवी वाढवणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोन आणि फ्युरोसेमाइड, शिवाय कार्व्हेडिलॉल, मधुमेहाची ग्लिमेपिराइड आणि रात्री पोट साफ ठेवणारे लॅक्ट्युलोजचे औषध चालू आहे. वजन 52 किलो आहे.

आई तीस वर्षे एकादशी करते. यंदाच्या आषाढीला तिने दशमीच्या संध्याकाळी साडेसातला जेवण घेतले, एकादशीला दोनदा चहा आणि दुपारी दोन वाजता साबुदाण्याची एक बशी खिचडी खाल्ली, आणि त्यानंतर थेट द्वादशीला सकाळी आठ वाजता पारणे केले. साखळीजवळच्या विठ्ठलापूरला दर्शनाला जायचे होते आणि रांगेत उभे असताना शौचाला लागू नये म्हणून दशमीच्या रात्रीचे लॅक्ट्युलोज तिने न सांगता टाळले होते, हे मला नंतर कळले.

द्वादशीच्या सकाळी ती देवासाठी अबोलीची फाती करायला बसली. केळीच्या सोपटाच्या दोऱ्यावर फुलांच्या जोड्या आलटून पालटून धरून गाठ मारत जाणे हे काम ती गप्पा मारत, हाताकडे न बघता करते. त्या दिवशी ती फुले एकाच बाजूला लावत राहिली, तीनदा उसवली आणि शेवटी हातातला दोरा कशासाठी आहे हेच विसरल्यासारखी त्याच्याकडे बघत बसली. आदल्या रात्रभर ती जागी होती आणि सकाळी मात्र बसल्या जागी पेंगत होती. जेवण झाले, औषध घेतले, दोनदा पोट साफ झाले आणि संध्याकाळपर्यंत ती पूर्ववत झाली. तिच्या मते तो केवळ थकवा होता.

त्याआधीच्या तपासणीत मी डॉक्टरांना उपासाविषयी विचारले होते, तेव्हा त्यांनी "उपास नको" एवढेच म्हणून पुढच्या रुग्णाला आत बोलावले. आईला कारण हवे आहे, नुसती मनाई तिला पटत नाही. आता श्रावण तोंडावर आला आहे. सोमवारी एकभुक्त, आयतारांची (रविवारांची) पूजा आणि महिनाभर शिवराक (मासे-मांस वर्ज्य) असा तिचा नेम आहे. यातले काय चालेल आणि काय नाही? फलाहार केला तर तो उपास धरायचा की जेवण?

पोटाचा डॉक्टर, तिसवाडी

ताई, आधी जे तातडीचे आहे ते सांगतो. आपण फातीचा जो प्रसंग लिहिला आहे तो थकव्याचा वाटत नाही. रात्री जाग, दिवसा झोप आणि हातात मुरलेले काम अचानक न जमणे ही यकृताच्या आजारामुळे मेंदूवर होणाऱ्या परिणामाची, म्हणजे हेपॅटिक एन्सेफॅलोपॅथीची, ओळखीची सुरुवात असू शकते. पुढच्या तारखेची वाट न पाहता आपल्या डॉक्टरांना हा प्रसंग याच शब्दांत सांगा. पुन्हा असे झाले, किंवा आई असंबद्ध बोलू लागली, उलटीत रक्त आले, शौचाला डांबरासारखे काळे झाले किंवा ताप येऊन पोट दुखू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

आता कारण. जेवणातून मिळालेली साखर यकृत ग्लायकोजेनच्या रूपात साठवते. निरोगी यकृतात हा साठा साधारण 80 ते 100 ग्रॅम असतो, आणि रात्रभर पोटात काही नसले तरी रक्तातली साखर टिकते ती याच कोठारामुळे. सिरोसिसमध्ये यकृताच्या पेशींची जागा वणांनी घेतलेली असते आणि कोठार लहान झालेले असते. मग शरीर चरबी जाळू लागते आणि त्याच वेळी स्नायूंतली प्रथिने मोडून त्यांपासून साखर बनवते. निरोगी माणसाच्या शरीराची जी अवस्था दोन-तीन दिवसांच्या उपासमारीनंतर होते, ती सिरोसिसच्या रुग्णाची एका रात्रीत होते. आपल्या आई रात्री आठ ते सकाळी आठ काही खात नसतील, तर एकादशी सोडाच, त्या रोजच एक मोठा उपास करत आहेत.

स्नायू झिजले तर अशक्तपणा येतो हे कुणालाही पटते, पण इथे आणखी एक गोष्ट आहे. आतड्यात तयार होणारा अमोनिया यकृताने निकामी करायचा असतो. यकृत थकले की त्या कामाचा मोठा वाटा स्नायू उचलतात. म्हणजे उपासाने आपण तोच मदतनीस कमी करतो. त्यात पाणी कमी प्यायले, बद्धकोष्ठ झाले आणि लॅक्ट्युलोज चुकले की अमोनिया वाढायला मोकळे रान मिळते. आपल्या आईंच्या बाबतीत या सर्व गोष्टी एकाच दिवशी जुळून आल्या. लॅक्ट्युलोजचे प्रमाण दिवसाला दोन-तीनदा मऊ शौच होईल असे ठेवायचे असते, आणि ते दर्शनासाठीही टाळायचे नसते.

आपण दिलेल्या वेळांवरून हिशेब केला. दशमीच्या साडेसातपासून एकादशीच्या दोनपर्यंत साडेअठरा तास, आणि तिथून द्वादशीच्या आठपर्यंत आणखी अठरा तास. साडेछत्तीस तासांत एक बशी खिचडी. युरोपातील यकृततज्ज्ञांच्या संघटनेने 2019 मध्ये पोषणाविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत जागेपणी थोड्या थोड्या वेळाने खाणे, झोपण्यापूर्वी थोडे खाणे आणि सकाळची न्याहारी न चुकवणे यांवर भर आहे, म्हणजे पोट फार काळ रिकामे राहू नये.

सिरोसिसची तीव्रता आम्ही चाइल्ड-पू या गुणांकनाने ठरवतो. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, पोटातले पाणी आणि मेंदूवरील परिणाम यांचे गुण मिळवून 5-6 आले तर अ वर्ग, 7 ते 9 ला ब आणि 10 ते 15 ला क. ब आणि क वर्गातल्या रुग्णाने लांबलचक उपास करू नये, यावर डॉक्टरांत फारसा वाद नाही. अ वर्गातल्या काहींना रमजानचे रोजे निभावलेले आढळले आहेत, पण तेही देखरेखीखाली. आपल्या आईंच्या पोटात एकदा पाणी झाले होते आणि आता मेंदूची शंका आहे. गुण कितीही येवोत, त्यांना निर्जळी किंवा एकभुक्त करायला मी परवानगी देणार नाही. ग्लिमेपिराइड घेऊन उपाशी राहिल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते, आणि कार्व्हेडिलॉलमुळे तेव्हाची धडधड व थरथर झाकली जाते. मूत्रल गोळ्या घेऊन पाणी टाळले तर मूत्रपिंडावर ताण येतो. मात्र यावर उपाय म्हणून उपासाच्या दिवशी परस्पर गोळ्या बंद करू नका.

उपासाने डोके दुखले की लोक वेदनाशामक घेतात, त्याविषयी एक सूचना. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या सिरोसिसमध्ये टाळायच्याच. पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात बरे, पण रिकाम्या पोटी यकृताची ते पचवण्याची क्षमता आणखी कमी होते. म्हणून दिवसाला 2 ग्रॅमच्या वर जाऊ नये आणि तेही डॉक्टरांना विचारून.

आहारतज्ज्ञ, म्हापसा

डॉक्टरांनी तासांचा मुद्दा मांडला, मी ताटाचा मांडते. आपल्या व्रतात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात. एक म्हणजे धान्य वर्ज्य करणे आणि दुसरी म्हणजे उपाशी राहणे. यकृताला पहिलीचे फारसे वावडे नाही, दुसरीचे आहे. त्यामुळे आईंच्या डॉक्टरांनी होकार दिला तर धान्य सोडून पण दर तीन तासांनी खाऊन एकादशी पाळता येईल. मात्र ती साबुदाण्याच्या भरवशावर नको. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिने जवळपास नाहीतच, आणि मधुमेह असताना तो साखर झपाट्याने चढवतो.

सिरोसिसच्या रुग्णाला दर किलो वजनामागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने लागतात. आईंचे वजन 52 असेल, आणि त्यात पोटातले पाणी धरलेले नसेल, तर 62 ते 78 ग्रॅम. "यकृत बिघडले, आता डाळ बंद" हा सल्ला जुना झाला. तो अजून घराघरांत ऐकू येतो आणि त्याने माणसे वाळत जातात. एन्सेफॅलोपॅथी झालेल्या रुग्णांचीही प्रथिने तोडत नाहीत. त्यांना दुधातली आणि वनस्पतीजन्य प्रथिने अधिक मानवतात.

उपासाच्या पदार्थांतून इतकी प्रथिने होतात का, तर होतात. दिवसभरात तीन पेले दूध, म्हणजे साधारण 24 ग्रॅम. दोन वाट्या दही 10 ते 12, शंभर ग्रॅम पनीर 18, मूठभर शेंगदाणे 10, वरीचा भात 5-6 आणि राजगिऱ्याची भाकरी 6-7. सकाळी उठल्यावर तासाभरात दूध आणि राजगिरा, दहाला दही आणि फळ, एकला वरीचा भात व दाण्याची आमटी, चारला पनीर, सातला राजगिऱ्याची भाकरी आणि रताळ्याची भाजी, आणि झोपताना पुन्हा खाणे. हे शेवटचे खाणे सर्वांत महत्त्वाचे. त्यात 50 ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असावीत. एकादशीला एक पेला दूध, एक केळे आणि राजगिऱ्याचा लाडू, एरवी दुधातली पेज किंवा नाचणीचे तिजान. तिजानात गूळ किती घालायचा हे मात्र आईंची साखर पाहून ठरवा.

शेंगदाण्यांविषयी एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगते. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत दाण्यांना बुरशी लवकर धरते आणि त्या बुरशीतले अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताच्या कर्करोगाला कारण ठरते. भाजल्याने ते पूर्ण नष्ट होत नाही. काळपट, सुरकुतलेला, खवट लागणारा दाणा फेकून द्यावा, कुटात घालून खपवू नये.

श्रावणातल्या शिवराकाचा प्रश्न मला एकादशीहून मोठा वाटतो. आपल्या गोमंतकीय ताटात प्रथिने येतात ती मुख्यतः नुस्त्यातून. ते महिनाभर बंद झाले की ताटात उरते शीत, सोलकढी, एखादी भाजी आणि वर पातोळ्या. मासे सोडायला हरकत नाही, पण त्यांच्या जागी काही आले पाहिजे. मुगागाठी, आळसांद्यांचे किंवा वाटाण्याचे तोणाक, रोज घट्ट वरण, दही आणि पनीर यांनी ती जागा भरते. आणि महिना संपल्यावर तिसऱ्या-कालवांवर तुटून पडताना ती नीट शिजलेली असू द्या. कच्च्या वा अर्धवट शिजलेल्या शिंपल्यांतले व्हिब्रिओ जंतू सिरोसिसच्या रुग्णाच्या जिवावर बेततात.

सोळा तासवाला, मडगाव

मला सिरोसिस नाही, पण सोनोग्राफीत पहिल्या श्रेणीचे फॅटी लिव्हर निघाले आहे आणि वजन 88 किलो आहे. मी गेले चार महिने सोळा तास उपाशी राहून आठ तासांत दोनदा जेवतो, आणि वजन सहा किलोंनी उतरले आहे. वरचे वाचून घाबरलो. मी थांबवावे का? दुसरे असे की माझे बिलिरुबिन नेहमी 1.8 च्या आसपास असते, पण शिवरात्रीच्या कडक उपासानंतर तपासले तेव्हा ते 3.1 आले आणि घरात काविळीच्या वखदाची (झाडपाल्याच्या औषधाची) शोधाशोध सुरू झाली.

पोटाचा डॉक्टर, तिसवाडी

आपला प्रश्न निराळा आहे आणि उत्तर बरेचसे उलटे आहे. यकृतात केवळ चरबी साठली असेल आणि वण झालेले नसतील, तर कमी खाऊन वजन उतरवणे हाच मुख्य उपचार आहे. वजन 7 ते 10 टक्क्यांनी उतरले की यकृताची सूज कमी झालेली दिसते, आणि आपण त्या टप्प्यावर पोहोचत आहात. हा गुण सोळा तासांचा की एकूण कमी खाण्याचा, हे पाहण्यासाठी झालेल्या तुलनांमध्ये तासांना स्वतंत्र असे फार श्रेय मिळालेले नाही. आपल्याला ही पद्धत सोयीची असेल तर चालू ठेवा, पण आठवड्याला एका किलोहून अधिक वेगाने उतरू नका, कारण झपाट्याने वजन घटले तर पित्ताशयात खडे होतात. मात्र सोनोग्राफीतली "पहिली श्रेणी" चरबी सांगते, वण सांगत नाही. त्यासाठी फायब्रोस्कॅन किंवा रक्ताच्या चाचण्यांवरून काढतात तो फिब-4 हा गुणांक पाहून घ्या. फोंड्याच्या ताईंच्या आईंचाही प्रवास फॅटी लिव्हरपासूनच सुरू झाला होता.

बिलिरुबिनचे म्हणाल तर इतर चाचण्या सामान्य असतील आणि वाढ अप्रत्यक्ष बिलिरुबिनची असेल, तर तो बहुधा गिल्बर्ट सिंड्रोम आहे. तो जन्मजात आणि निरुपद्रवी असतो, आणि उपासाने बिलिरुबिन वाढणे ही त्याची खूणच आहे. त्याला वखद लागत नाही. खरी कावीळ झाली तरीसुद्धा नुसती पेज आणि उसाचा रस यांवर दिवस काढण्याचे कडक पथ्य पाळू नये. सुजलेल्या यकृताला अन्न लागते.

सांगेचा भाचा

माझ्या मामांच्या पोटात पाणी होत असे आणि ते चतुर्थीला उपास करत. आमच्या हातून दोन चुका झाल्या, त्या लिहितो. मीठ कमी करायला सांगितले होते, तेव्हा आम्ही सैंधव वापरू लागलो आणि ते उपासाला चालते म्हणून सढळ हाताने घातले. पोट पुन्हा फुगले. सैंधव हेही जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच असते, हे आम्हाला त्या दिवशी कळले. बटाट्याच्या वेफर्सचे आणि उपासाच्या चिवड्याचेही तेच. दुसरी चूक आडसराची. अंगात पाणी जावे म्हणून उपासाला दोन-तीन आडसरे देत होतो. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर आणि स्पायरोनोलॅक्टोन शरीरातले पोटॅशियम वाढवते. रक्त तपासले तेव्हा आकडा इतका वर होता की लगेच भरती करावे लागले. कमी सोडियमचे म्हणून जे मीठ मिळते, त्यातही पोटॅशियमच असते.

पुरोहित, डिचोली

वैद्यकीय बाजू जाणकारांनी मांडली आहेच. ताईंच्या मातोश्रींना जे कारण हवे आहे त्यातला थोडा भाग माझ्या शास्त्राचाही आहे, म्हणून लिहितो. पाणी, मूळ, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध या आठ गोष्टींनी व्रत भंगत नाही, असे सांगणारा श्लोक व्रत सांगणाऱ्या कोणत्याही पुरोहिताला पाठ असतो. म्हणजे दूध, केळे आणि लॅक्ट्युलोज ही तिन्ही त्यात बसली. एकादशीचा नियम धर्मशास्त्राने आठ ते ऐंशी या वयात सांगितला, पण अशक्तांसाठी वेगळी वाटही ठेवली आहे. ज्याला उपास झेपत नाही त्याच्या वतीने पुत्राने, पतीने किंवा पत्नीने तो करावा, त्याला प्रतिनिधी म्हणतात. आजारी मनुष्याने शरीर कष्टवून केलेल्या निर्जळीचे पुण्य अधिक असते, असे मला तरी कुठे वाचायला मिळालेले नाही. आमच्या शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबातही साठीकडे आलेल्या आजी गुड फ्रायडेला उपास करत नाहीत. त्यांच्या चर्चचा नियम 18 ते 59 वयापुरता आहे आणि आजाऱ्यांना त्यातूनही सूट आहे.

मातोश्रींना माझे लिहिणे वाचून दाखवावे. तेवढ्याने समाधान होत नसेल तर घरच्या पुरोहितांकडून तोंडी संकल्प बदलून घ्यावा. तीस वर्षांचा नेम मुलीच्या सांगण्यावरून मोडला, असे त्यांच्या मनात राहता कामा नये.

फोंड्याची लेक

सर्वांचे आभार. काल डॉक्टरांना फोन करून फातीचा प्रसंग सांगितला. त्यांनी दुसऱ्याच दिवशी बोलावले, आईला हात पुढे पसरून मनगटे मागे वळवायला सांगितली आणि बोटे फडफडतात का ते पाहिले. किंचित फडफड होती. लॅक्ट्युलोज वाढवले आहे, आणखी एक गोळी दिली आहे आणि ग्लिमेपिराइड बदलणार आहेत. एकभुक्त आणि निर्जळी कायमची बंद. फलाहाराची एकादशी महिनाभर थांबून, पुन्हा तपासून ठरवू, असे त्यांनी सांगितले. या वेळी ते दहा मिनिटे बोलले, हे नोंदवायला हवे.

आईला पुरोहितांचे उत्तर दोनदा वाचून दाखवले. प्रतिनिधीची गोष्ट तिला पटली, परंतु प्रतिनिधी म्हणून तिने बाबांचे नाव सुचवले आहे आणि बाबा अजून हो म्हणालेले नाहीत. रात्रीच्या दुधाला तिचा विरोध आहे, कारण दात घासल्यावर काही खायचे नाही अशी तिची सवय. त्यामुळे दात घासायची वेळ साडेदहावर नेली आहे. आयतारांची पूजा ती करणारच, पातोळी एक.

एक शंका राहिली. पुढच्या आठवड्यात सोनोग्राफी आहे आणि तिथे "रात्रीपासून उपाशी या" असे लिहून दिले आहे. मागच्या वेळी तिचा नंबर दुपारी साडेबाराला लागला होता.

पोटाचा डॉक्टर, तिसवाडी

हा उपास कुणी मोजत नाही, बरे झाले विचारलेत. पोटाच्या सोनोग्राफीला सहसा सहा ते आठ तास पुरतात. केंद्रात फोन करून सिरोसिस आणि मधुमेह असल्याचे सांगा आणि सकाळचा पहिला नंबर मागून घ्या. रात्री साडेदहाचे खाणे चुकवू नका. सकाळी कोणत्या गोळ्या घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या आणि मधुमेहाची कधी, हे डॉक्टरांकडून आधी लिहून घ्या. खाण्याचा डबा सोबत ठेवा आणि तपासणी झाली की तिथल्या बाकावरच उघडा, घरी पोहोचेपर्यंत थांबू नका. पहिला नंबर मिळत नसेल तर दुसऱ्या दिवशीची वेळ घ्या. एंडोस्कोपीच्या वेळीही हेच करा.